बोरिवलीचं स्थळ, घाटकोपरचा शेजार

कुडाळच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आई माझ्या पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ आणि सूचना एकदमच कोंबत होती. "शेजारी नुसतो गोड बोललो, तर खरा मानू नको. ज्या घराबरोबर झगडा आसा, थंय आदी इचार," ती म्हणाली. (थंय म्हणजे तिथे.) माझी धाकटी बहीण कुंदा खांबाला टेकून उभी होती आणि आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने उसाच्या रसाचा चरक बघत होती. संबंध तिचाच होता. मी तिच्या स्थळाची चौकशी करायला निघाले होते.

मुलाचं नाव मोहन. त्याचे वडील कुर्ल्याच्या गिरणीत होते; संपानंतर गिरणी बंद पडली तसे ते शेजारच्या गावी परतून शेती बघू लागले. मुलगा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर आणि बोरिवलीला स्वतःचा एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक. फोटो पसंत होता, पत्रिका जुळली होती. आमचे वडील नाहीत, भाऊ नाही. मी शाळेत शिक्षिका, दिवाळीची सुट्टी लागलेली, आणि मुख्य म्हणजे घरात बसणं मला कधी जमलेलंच नाही. तेव्हा ही कामगिरी माझ्याकडे आली.

आमच्याकडे माणूस कसा आहे ते त्याला विचारत नाहीत, त्याच्या शेजाऱ्याला विचारतात. या पद्धतीचा प्रसाद मी स्वतः खाल्लेला आहे. माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा मुलाकडची माणसं शेजारच्या भागूआतेच्या पडवीत बसून गेली. आते म्हणाली, "चेडू बरा आसा, पण पायाक भिंगरी आसा." (चेडू म्हणजे मुलगी.) माणसं चहा पिऊन उठली ती परत फिरकली नाहीत. गंमत अशी की तोवर मी सावंतवाडीच्या पलीकडेही गेले नव्हते. त्यानंतर मात्र मी जी हिंडायला लागले ती आजतागायत. आते खोटं बोलली की तिच्या बोलण्याने मी तशी झाले, याचा उलगडा मला झालेला नाही.

सकाळी अंधेरीला हायवेवर उतरले तेव्हा अंग आंबलं होतं आणि डोक्यात एस.टी.चा खडखडाट भरला होता. मावशीचं घर पूर्वेला, कारखान्यांच्या बाजूला. तिने गरम पाणी दिलं, बांगड्याचं तिखलं केलं आणि मी जेवता जेवताच तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं तशी म्हणाली, "अगो, मुलगो पळान जाणा नाय. जेव आधी." पण मुलगा कामावर असतानाच त्याचं घर गाठायचं होतं. चौकशी माणसाच्या पाठीमागे करायची असते. हात धुतले आणि बोरिवलीची बस पकडली.

बोरिवली पूर्व म्हणजे तेव्हा अर्धं शहर, अर्धं माळरान. एका अंगाला नॅशनल पार्कचे डोंगर, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींच्या रांगा, आणि मधल्या रस्त्यावर खडीचे ढीग. मोहनची इमारत पिवळी, चार मजली, रंगाचा वास अजून न गेलेली. तळाशी नावांचा फळा होता. जिन्यात मात्र माणसाची चाहूल नव्हती. प्रत्येक दाराला काचेचा बारीक डोळा. मी बेल दाबावी, आतून चप्पल वाजावी, डोळ्यामागे अंधार व्हावा, आणि मग काहीच होऊ नये. पहिल्या मजल्यावर हेच, दुसऱ्यावरही हेच. वर्गात तीस वर्षं कुणी मला असं पाहिलं नसेल, असं म्हणणार होते, पण माझी नोकरी तीस वर्षांची नाही. राग आला की मी वाढवून सांगते.

तिसऱ्या मजल्यावर मोहनच्या दाराला कुलूप. समोरचं दार मात्र उघडलं, साखळी ताणली जाईल एवढंच. फटीत एका बाईचा अर्धा चेहरा आणि गाऊनची बाही दिसली.

"कोण पाहिजे?"

"समोरच्या मोहनरावांबद्दल विचारायचं होतं. लग्नाचं आहे."

"मुलीकडच्या का तुम्ही?" बाईंचा आवाज खाली आला. "मग ऐकूनच जा. मी बाथरूममध्ये होते. बाहेर येते तर हा माणूस माझ्या किचनमध्ये उभा! मी घरात एकटी, अंगावर गाऊन, केस ओले. मी किंचाळले तसा एक शब्द न बोलता निघून गेला."

"दार उघडं होतं का?"

"कचरा ठेवून आत आले, लॅच नीट बसलं नसेल. म्हणून कुणीही आत शिरायचं?"

"काही नेलं-बिलं?"

"नेलं काही नाही. तेच तर ना! मग आला कशाला होता?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सोसायटीची मीटिंग झाली. मान खाली घालून म्हणाला, चुकलं. बस्स. मुलगी देताय ना? नीट विचार करा."

दार लागलं. मी जिना उतरले. खाली येऊन रस्ताभर येरझाऱ्या घातल्या, एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत. चोर असता तर परवडला असता, चोराला निदान काय हवं ते कळतं. कुंदाला मी काय सांगू? तिने फोटो पुस्तकात ठेवला होता हे मला ठाऊक होतं. वाटलं, असंच पोस्टात जावं, 'नको' एवढी तार करावी आणि गाडीत बसावं. पण आईचाच दुसरा नियम आडवा आला. नव्या घरी विचारलेला माणूस अर्धाच विचारलेला असतो. मोहन वाढला घाटकोपरला. राहिलेला अर्धा तिथे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरला उतरले. पश्चिमेला टेकडीच्या अंगावर बैठ्या चाळी एकीवर एक चढत गेल्या होत्या. पायऱ्या ओबडधोबड, मधून सांडपाण्याची नाली, आणि नेमका निम्म्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एका पायावर उभी राहून तो ओढत होते. नळावरच्या रांगेतली एक बाई हंडा खाली न ठेवता म्हणाली, "ठेवा ती तिथंच. माझ्या घाला, त्या बघा दारात. कुणाकडं जायचंय?"

"मोहन घाडी इथे राहायचे ना?"

एवढं म्हणायचा अवकाश. रांगेतल्या साऱ्या मानाच वळल्या. "आपला मोहन? मुलीकडच्या का? कुठल्या गावच्या? अहो काकू, मोहनचं ठरतंय!" मी काही विचारायच्या आत मलाच विचारून झालं: गाव, वाडी, बहिणी किती, बहीण कितवी शिकली, मी लग्न का केलं नाही. काल दारं उघडेनात म्हणून चिडले होते, आज दारात उभं राहायला जागा नाही म्हणून चिडले. परक्या बाईच्या चपला घालून मी काकूंच्या खोलीत जाऊन बसले.

काकूंचं कुटुंब कऱ्हाडकडचं, बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली घडी घातलेल्या गोधड्या. त्यांचे यजमान आणि मोहनचे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात. मोहनची आई तो लहान असतानाच गेली. वडील पाळीवर गेले की पोर काकूंच्या ताटात जेवायचं. काकूंनी चहा पुढे केला. खोटं कशाला सांगू, कप घेताना आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आमच्या घरातल्या कुणी गावात अशा घरचा चहा घेतलेला नव्हता. मी घेतला. चहा फार गोड होता.

"पोरगा कसा हाय विचारता व्हय?" काकू म्हणाल्या. "तापट हाय. मॅट्रिकला एकदा गचकला. झोपला की उठवायला बँड लागतो. पर कुणाच्या घरी मयत असू द्या, बारसं असू द्या, पयला हा हजर. सांगावं लागत न्हाय."

खोलीत आणि दारात मिळून सात-आठ बायका होत्या. सगळ्या हसत होत्या. आता सांगणं भागच होतं. मी कालचं सगळं सांगितलं. बाथरूम, स्वयंपाकघर, ओले केस, मीटिंग.

एकदम शांत झालं. कुणाच्या हातातलं सूप हातातच राहिलं. "मोहन?" काकू एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवेना. एका बाईला तिचं मूल वाईट आहे म्हणून सांगतोय असं वाटलं, आणि तसंच होतं.

त्या शांततेत शेजारच्या खोलीतला कुकर वाजत होता. एक शिट्टी, दुसरी, मग लगोलग आणखी. कुणाचं लक्ष नव्हतं. पाठोपाठ डाळ लागल्याचा वास आला. मला बसवत नव्हतंच. मी उठले, दोन बायकांना ओलांडून शेजारच्या खोलीत शिरले, स्टोव्हची किल्ली सैल केली. फुस्स करून हवा गेली. कुकर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, बोटं पोळली, ती कानाच्या पाळीला लावली. एवढ्यात घरवाली कमरेवर हंडा घेऊन दारात आली. मघाची चपलावालीच ती.

"केलात बंद? बरं झालं बाई. पाणी सोडून येता येईना," ती म्हणाली आणि हंडा ठेवून पुन्हा नळावर गेली.

मी तिथेच उभी. परक्या घरात, परक्या स्वयंपाकघरात, घरात दुसरं कुणी नाही.

दारात काकू आल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "आवं बाई! त्या बाईचा कुकर वाजत असंल!"

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चाळीची रीतच ती. नळाला पाणी आलं की बायका स्टोव्हवर कुकर टाकून रांगेत उभ्या राहायच्या आणि शाळेला सुट्टी असली की मोहनला सांगून जायच्या, शिट्ट्या झाल्या की बंद कर रे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. पुढे सांगायचीही गरज उरली नाही. शिट्ट्या जास्त झाल्या की जो ऐकेल त्याने उठायचं. दार वाजवायचं नाही, कारण दार लावलेलंच नसायचं.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण मन थाऱ्यावर येईना. हा आमचा अंदाज झाला. अंदाजावर बहीण देतात का? "काकू, मला त्यालाच विचारायला हवं," मी म्हटलं. काकूंनी तोवर डब्यात ठेचा भरायला घेतला होता. "मी बी येते. घर घेतल्यापासनं बोलावतोय, जमलंच न्हाय. आता जमवते."

घाटकोपर ते अंधेरी आणि अंधेरी ते बोरिवली, आम्ही दोघी बसमधून गेलो. काकू खिडकीशी बसून प्रत्येक इमारत बघत होत्या आणि विचारत होत्या, "इथं राहत्यात व्हय माणसं? मग गेली कुठं?" माझ्या उसन्या चपला पायाला मोठ्या होत्या, बस बदलताना दोनदा निसटल्या.

मोहन नुकताच कामावरून आला होता. सावळा, किडकिडीत, नखांत तेलाचा काळेपणा. दार उघडून काकूंना पाहिलं तसा चेहरा उजळला. मग त्याने पटकन आम्हाला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

"दार का लावलंस?" काकू म्हणाल्या.

"इथं लावतात."

"ही मुलीची थोरली बहीण. शाळेत बाई हाय. समोर विचारून आली काल."

मोहनचे खांदे पडले. "मग झालंच की," तो म्हणाला. "ताई, तुम्ही चहा घ्या. तुमचा राग नाही मला."

"कुकर होता का?" मी सरळ विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"होता का?"

"होता. शिट्ट्यांवर शिट्ट्या. मग करपल्याचा वास यायला लागला. बेल मारली, हाका मारल्या. इथं हाकेला कोणी ओ देत नाही. दार ढकललं तर उघडलं. गॅस बंद केला, वळलो, आणि त्या बाहेर आल्या. त्या ओरडल्या तशी माझी वाचाच बसली."

"मग मीटिंगमध्ये सांगायचं ना रे! का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्याने काकूंकडे पाहिलं. "कुणाच्या घरी करपलं ते चारचौघांत बोलायचं नाही. काकूनंच शिकवलंय."

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग एकदम कडाडल्या, "आन् बाईमाणूस एकटं असताना आत जायचं न्हाय, हे बी शिकवायला पायजे हुतं मी! ही चाळ हाय व्हय? घाबरली असंल बिचारी."

समोरच्या घरात कुकर वाजला.

मोहन खुर्चीत बसला होता. पहिल्या शिट्टीला त्याचे पंजे गुडघ्यांवर घट्ट झाले. दुसरी झाली, तिसरी झाली. मीच उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. तो उठला नाही.

"सुरुवातीला फार त्रास व्हायचा," तो म्हणाला. "कानात बोटं घालून बसायचो. आता नाही होत."

समोरच्या बाईंच्या बोलण्याने मला वाटली नव्हती एवढी भीती या तीन शब्दांनी वाटली. काकूंनाही ती कळली असावी, कारण त्या डब्यातला ठेचा वाटीत काढून तशाच उठल्या आणि समोर गेल्या. बेल होती, पण त्यांनी तळहाताने दार बडवलं.

पुन्हा साखळी, पुन्हा अर्धा चेहरा. "मी मोहनची काकू," काकू म्हणाल्या. "ठेचा आणलाय. पोरगं चुकलं, न विचारता आत गेलं. मी त्याला बोलले."

बाई गोंधळल्या. मी मागून विचारलं, "त्या दिवशी तुमचा कुकर होता ना गॅसवर? मग बंद कुणी केला?"

"बंद? मीच..." त्या थांबल्या. त्यांची नजर आमच्यावरून निघून कुठेतरी मागे गेली. "मी बाहेर आले तेव्हा बंदच होता," त्या सावकाश म्हणाल्या. "डाळ खाली लागली होती. मला वाटलं, मीच बंद करून आंघोळीला गेले."

काकूंनी वाटी पुढे केली. ती फटीतून आत जाईना. बाईंनी वाटीकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. तसल्या दारांची साखळी काढायची तर आधी दार लावावंच लागतं, हे मला ठाऊक होतं. आम्ही थांबलो. आतून काही हालचाल ऐकू येईना. काळोख पडायला लागला होता, काकूंना लांब जायचं होतं. शेवटी त्यांनी वाटी उंबऱ्याशी ठेवली. मोहन आम्हाला बसपर्यंत पोचवायला निघाला. दोन मजले उतरलो असू, वर साखळी वाजली. काढली की नीट लावली, ते खालून कळेना.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली तरी चैन पडेना. मुलगा निर्मळ होता, याबद्दल मला शंका उरली नव्हती. पण तो तसा झाला कसा, तेही मी डोळ्यांनी पाहून आले होते. चाळीने त्याला हाकेला उठायला शिकवलं. आता ती पिवळी इमारत त्याला बसून राहायला शिकवत होती, आणि तो हुशार होता, शिकत होता. घरातून निघताना मला एकच प्रश्न होता, मुलगा कसा आहे. आता वाटत होतं, आणखी पाच वर्षांनी तो कसा असेल? आणि कुंदा? त्या दारामागे तिचं काय होईल? सातार्‍याच्या नाही तर पनवेलच्या कुठल्याशा थांब्यावर मी उगाचच खाली उतरले आणि गाडी सुटेपर्यंत फेऱ्या मारल्या. नक्की पनवेल, सातारा आमच्या वाटेवर नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

घरी पोचले तर पडवीत भागूआते आधीच येऊन बसलेली. आईने पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "ह्या चपला कोणाच्या?"

"उसन्या आसत. परत देऊक व्हये," मी म्हटलं.

"झील कसो आसा, ता सांग." (झील म्हणजे मुलगा.)

मी सगळं सांगितलं. काकूंच्या हातचा चहासुद्धा. आईने तोंड वाकडं केलं, पण उठून गेली नाही. कुकरपाशी आले तेव्हा मला राहवलं नाही. मी आतेकडे वळले. "आते, आमच्या घरातून करपल्याचा वास आला आणि आम्ही कोणी दिसलो नाही, तर तू काय करशील?"

"येतलंय नि चूल विझयतलंय," आते म्हणाली. "इचारूचा काय त्यात?"

"आणि मग साऱ्या वाडीला सांगशील."

"सांगतलंय," आते म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं नाही. तिचं ते जुनं वाक्य मी इतकी वर्षं पायाला बांधून हिंडले होते. पण आमच्या घराला आग लागली तर पहिली पळत येणार तीच, हेही तेवढंच खरं होतं.

"मुलगा चांगला आहे," मी शेवटी आईला म्हटलं. "पण चांगला राहायला त्याला शेजार लागतो. तिथे शेजार नाही. माझं मन होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

कुंदा इतका वेळ दाराआड उभी होती. ती बाहेर आली. तिला ठेच्याबद्दल, साखळीबद्दल, मोहनच्या रंगाबद्दल, काहीतरी विचारायचं असेल असं मला वाटलं.

"त्या समोरच्या बायेचा नाव काय?" ती म्हणाली.

दोन वेळा मी त्या दारात उभी राहिले होते. दारावरच्या पाटीवर यजमानांचं नाव होतं. चौकशीलाच गेलेली मी, साऱ्या जगाची चौकशी करून आले होते.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

कुंदाने माझ्या पुढ्यातला रिकामा तांब्या उचलला.

"बरा," ती म्हणाली. "मी इचारतलंय."